मदत हवी आहे: सायन्स पार्कचा लीज करार आणि बँकेची अट

नमस्कार मंडळी, आमच्या विद्यापीठाच्या जागेवर सायन्स पार्क (म्हणजे संशोधन करणाऱ्या कंपन्यांसाठीचा परिसर) करायचं चाललंय आणि कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलंय. जमीन विकायची नाही, लीजवरच द्यायची हे ठरलंय, आणि मला ते पटतंही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९५१ मध्ये हेच केलं, तिथे तर मूळ दानपत्रातच जमीन विकायला मनाई होती.

गाडी अडलीये ती कर्जावर. बँक म्हणते लीजची मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा बरीच जास्त हवी, शिवाय हप्ते थकले तर लीज दुसऱ्या कोणाच्याही नावावर करायचा हक्क बँकेला द्या. आता मसुद्यात आम्ही 'वापर फक्त संशोधन व विकासासाठी' असं लिहिलंय, पण बँकेने उद्या ती जागा गोदामवाल्याला दिली तर पार्क कसला राहिला? आणि ही अट बँकेवरही बंधनकारक केली की ते म्हणतात तारणाची किंमत कमी होते.

कोणी असा करार केलाय का? 'कोणाच्याही' ऐवजी 'विद्यापीठाच्या संमतीने' असं घातलं तर बँका मानतात का? आणि अनुदानातून बांधलेली लॅब त्याच कर्जाला तारण ठेवता येते, की ती वेगळीच ठेवावी? प्लीज सांगा, मनापासून करतोय हे काम.