प्रत्येक ब्लॉगसाठी वेगळी टेबलं करावीत का?

प्रश्न
अनेक लेखकांना आपापले ब्लॉग चालवता येतील अशी सिस्टीम पोस्टग्रेस या डेटाबेसवर बांधतोय. नवा ब्लॉग उघडला की पोस्ट, प्रतिक्रिया आणि टॅग अशी तीन टेबलं आपोआप तयार होतात. एकाचा डेटा दुसऱ्यात मिसळू नये, एवढाच हेतू. चाचणीत ४० ब्लॉग झाले, टेबलं १२० वर गेली. युजर टेबलात 'रोल' (मालक, संपादक असा अधिकार) कॉलम आहे. पुढे हे झेपेल का?

उत्तर
नाही झेपणार. आत्ताच बदला, डेटा थोडा आहे तोवर. मी हेच करून बसलो होतो. पोस्टला एक कॉलम वाढवायचा होता; सहाशे टेबलांवर स्क्रिप्ट सोडली आणि ती मध्येच अडकली. कुठे कॉलम आलाय, कुठे नाही, हे शोधण्यात अख्खी रात्र गेली.

पोस्टचं टेबल एकच ठेवा, त्यात ब्लॉग_आयडी (पोस्ट कोणत्या ब्लॉगची ते सांगणारा कॉलम) घाला. ब्लॉग_आयडी आणि प्रकाशन_वेळ यांवर मिळून एक इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) लावा. स्लगही (पानाच्या पत्त्यातलं नाव) ब्लॉग_आयडीसकट युनिक करा, नाहीतर एकाने 'माझ्याविषयी' पान केलं की बाकीच्यांची वाट बंद.

आणि रोल युजरमध्ये अजिबात नको. एखादी लेखिका स्वतःच्या ब्लॉगची मालक असते, मैत्रिणीच्या ब्लॉगवर नुसती संपादक. तो अधिकार एकट्या तिचा नाही, त्या ब्लॉगशी असलेल्या तिच्या नात्याचा आहे. म्हणून 'सदस्यत्व' असं वेगळं टेबल करा: युजर_आयडी, ब्लॉग_आयडी, रोल. पहिल्या दोन्हींची मिळून प्रायमरी की, म्हणजे ओळीची एकमेव ओळख. माझ्याकडे हे टेबल आल्यावर कोडमधल्या कितीतरी इफ-एल्स अटी गळून पडल्या.

दुसरं उत्तर
मिसळण्याची भीती मात्र खरी आहे. एका क्वेरीत व्हेअर (कोणत्या ब्लॉगच्या ओळी हव्यात ती अट) राहिला की परक्याचा मसुदा उघडा पडतो. पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून रो लेव्हल सिक्युरिटी (कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात याचे डेटाबेसमधलेच नियम) आहे, ती वापरा. एक लक्षात ठेवा: टेबलाच्या मालकाला, म्हणजे ते ज्या डेटाबेस युजरच्या नावावर आहे त्याला, ती आपोआप लागू होत नाही. म्हणून ॲप वेगळ्या डेटाबेस युजरने जोडा.

प्रश्नकर्ता
मग प्रतिक्रियांमध्येही ब्लॉग_आयडी ठेवू? तो पोस्टवरून कळतोच की.

पहिले उत्तरदाते
ठेवा, म्हणजे सिक्युरिटीच्या नियमाला दर वेळी पोस्ट टेबलात डोकवावं लागणार नाही. फक्त फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी जोडणारा दुवा) एकट्या पोस्ट_आयडीवर नको, ब्लॉग_आयडी आणि पोस्ट_आयडी या जोडीवर करा. त्यासाठी पोस्ट टेबलात त्या जोडीवर युनिकचं बंधन लागेल. मग चुकीच्या ब्लॉगची प्रतिक्रिया डेटाबेसच आत घेणार नाही. फॉरेन कीच्या कॉलमवर पोस्टग्रेस स्वतःहून इंडेक्स करत नाही, तोही हाताने लावा.