सुन वुकोंग आणि स्वर्गातली उतरंड

'पश्चिमेची यात्रा' या जुन्या चिनी कादंबरीतल्या पात्रांची ताकदीनुसार कुणीतरी उतरंड लावली आहे: बुद्ध सर्वांत वर, मग लाओत्झू (ताओ पंथाचा आद्य गुरू), मग माकडराजा सुन वुकोंग, बाकीचे देव त्याखाली. वुकोंग स्वर्गात दंगा घालतो, तेवढ्या भागापुरतं हे पटतं. बुद्धाने त्याला 500 वर्षं डोंगराखाली दाबून ठेवलं, हे खरंच आहे. पण 'पश्चिमेची यात्रा'चा 55वा अध्याय वाचला की ही उतरंड कोसळते.

त्यात एक विंचवीण आहे. बुद्धाचं प्रवचन ऐकायला आलेली असताना त्याने तिला हाताने बाजूला सारलं, तर तिने त्याच्याच हाताला नांगी मारली आणि त्यालाही वेदना झाल्या! कुऱ्हाडी, आग, वीज यांना दाद न देणारं वुकोंगचं डोकं तिच्या डंखाने ठणकायला लागतं. करुणेची देवी ग्वानयिन (आपला अवलोकितेश्वर) स्पष्ट सांगते की मीही तिच्या जवळ जाऊ शकत नाही. मग तिला संपवतो कोण? माओ नक्षत्राचा अधिकारी. माओ म्हणजे आपल्या कृत्तिका, आणि हा देव मुळात कोंबडा. तो एकदा आरवतो, ती मूळ रूपात येते. दुसऱ्यांदा आरवतो, ती मरते. कोंबडा विंचू खातो, एवढाच हिशेब.

त्यामुळे 'अमुक तमुकापेक्षा बलवान' हा प्रश्नच मला इथे अपुरा वाटतो. कोणाचा उतारा कोणाकडे आहे, हे विचारायला हवं. वुकोंगचं मोठेपणही मला त्यातच दिसतं: हरल्यावर तो नेमक्या माणसाचं दार ठोठावतो.