मदत हवी आहे : लाटव्हियन भाषेचं नवजागरण

मंडळी, दिवाळी अंकासाठी एकोणिसाव्या शतकातल्या लाटव्हियन भाषेवर लेख लिहितेय. युरिस आलुनान्स यांचा अनुवादित कवितांचा संग्रह (१८५६), रशियातल्या पीटर्सबर्गहून १८६२ पासून निघालेलं लाटव्हियन वृत्तपत्र, १८७३ चा रीगातला (लाटव्हियाची राजधानी) गीतमहोत्सव, एवढं हाताशी आहे. पण जीव अडकलाय तो लोकगीतांचे संग्राहक क्रिश्यानिस बारोन्स यांच्या कपाटात! ठिकठिकाणाहून आलेली, बहुतेक चार ओळींची लोकगीतं ते चिठ्ठ्यांवर उतरवून खणांत लावायचे. त्यातून १८९४ ते १९१५ दरम्यान दोन लाखांहून जास्त गीतं छापली गेली. (एकट्या माणसाचा काय हा उरक!) त्या चिठ्ठ्यांची वर्गवारी कशी केली? बोलीतले फरक तसेच ठेवले, की प्रमाणभाषेत आणले? रीगात शिकणारं कुणी राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन कपाट बघून सांगेल का? इंग्रजी पुस्तकं सुचवलीत तरी चालेल, जर्मन मात्र येत नाही.