सीसीटीव्ही आणि लॅनची बारा वर्षं हाताशी असताना सीसीएनए करावं का?

लातूर_फील्ड

नमस्कार मंडळी. लातूर आणि आसपासच्या तालुक्यांत कॉम्प्युटर दुरुस्ती, सीसीटीव्ही, लॅन-वायफाय आणि एएमसी (वर्षाचा देखभाल करार) असं काम बारा वर्षांपासून चालू आहे. गिऱ्हाईक म्हणजे शिकवणीचे क्लास, दवाखाने, पतसंस्था. क्रिम्पिंग (केबलला कनेक्टर बसवणं), पीओई (लॅन केबलमधूनच वीज देणं), एनव्हीआर (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर), विंडोज, टॅली मल्टियुजर हे रोजचंच. मॅनेज्ड स्विचवर व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं) केलेत, पण ब्राउझरमधून. कमांड लाइनवर हात बसलेला नाही. शिक्षण बारावी आणि आयटीआय कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड), वय ३४.

आता दोन विचार आहेत. एक तर संभाजीनगर किंवा पुण्यात कंपनीत नेटवर्क सपोर्टला जायचं, नाहीतर इथलाच धंदा वाढवायचा. दोन्हींसाठी सर्टिफिकेटचा खरंच उपयोग होतो का? कॉम्पटियाचं ए प्लस किंवा नेटवर्क प्लस, की सिस्कोचं सीसीएनए, यांतलं काय घ्यावं? एका क्लासवाल्याने ‘एमसीएसए अधिक सीसीएनए’ असं पॅकेज सांगितलंय. जाणकारांनी मोकळेपणाने सांगावं.

वाळूज_एलटू

भाऊ, आधी त्या पॅकेजचं बघू. मायक्रोसॉफ्टने एमसीएसए आणि एमसीएसई ही आपली सर्टिफिकेटं ३१ जानेवारी २०२१ लाच बंद केलं. आज त्या नावाची परीक्षा देताच येत नाही, म्हणजे मिळणारा कागद त्या क्लासचा असणार. विंडोजच्या बाजूला जायचं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या एमडी-१०२ (कंपनीतले पीसी-लॅपटॉप सांभाळणं) किंवा एझेड-१०४ (अ‍ॅझ्युर क्लाउड सांभाळणं) या परीक्षा बघा. त्यांची मुदत एकच वर्ष असते, पण नूतनीकरण मायक्रोसॉफ्ट लर्नवर घरबसल्या आणि फुकट होतं. आणि कुठल्याही क्लासला फी देण्याआधी एकच विचारा: फीमध्ये परीक्षेचं व्हाउचर आहे का? गोलमोल उत्तर आलं तर उठून या.

आता मुख्य प्रश्न. एएमसीच्या धंद्यात सर्टिफिकेट कुणी विचारत नाही. दवाखान्याला एवढंच पाहिजे की सर्व्हर बंद पडला तर तुम्ही तासाभरात यावं. सरकारी कामावर डोळा असेल तर त्या टेंडरची पीडीएफ उघडून पात्रतेचं पान वाचा. तिथे उलाढाल, अनुभवाचे दाखले, कंपनीचं ऑथोरायझेशन असं मागितलेलं असतं. सीसीएनए मागितलंच नसेल तर त्यासाठी पैसे घालू नका.

कंपनीत जायचं असेल तर मात्र हिशोब बदलतो. संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कारखान्यांत आणि पुण्याच्या सपोर्ट कंपन्यांत बायोडाटा आधी एचआरकडे जातो. तिथे बारावी आणि आयटीआय वाचून बरेच अर्ज बाजूला पडतात. सीसीएनए असलं की निदान तांत्रिक माणसापर्यंत कागद पोचतो. पदवीची अट पक्की असेल तिथे सीसीएनएनेही दार उघडत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

ए प्लस तुमच्यासाठी नाही. ९० मिनिटांचे दोन वेगळे पेपर, दोन वेगळी व्हाउचरं, आणि अभ्यासक्रम म्हणजे रॅम, डिस्प्ले, प्रिंटर, विंडोजची दुरुस्ती. हे तुम्हाला येतं आणि तुमचा अनुभव ते सांगतोच. नेटवर्क प्लस चांगली परीक्षा आहे, पण आपल्याकडच्या जाहिरातींत नाव सीसीएनएचं असतं. एकावरच खर्च करायचा तर सीसीएनए.

मुलाखतीत मी हमखास विचारतो तो प्रश्न सांगतो. एका मजल्यावरच्या सगळ्या पीसींना अचानक १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी येतोय, बाकी मजले ठीक आहेत. कुठून बघाल? बरेच अनुभवी लोक ‘स्विच रिस्टार्ट करतो’ म्हणतात आणि तिथेच थांबतात. मला ऐकायचा असतो क्रम. १६९.२५४ म्हणजे आपोआप आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीचं उत्तरच आलेलं नाही. एका पीसीला हाताने आयपी देऊन गेटवे (नेटवर्कमधून बाहेर जायचा राऊटर) पिंग करा. पिंग गेला तर वायर आणि व्हीलॅन ठीक, मग स्कोप (वाटायच्या पत्त्यांचा साठा) संपलाय का आणि गेटवेवर आयपी हेल्पर-अ‍ॅड्रेस (डीएचसीपीची मागणी दुसऱ्या नेटवर्कमधल्या सर्व्हरकडे पाठवणारी ओळ) आहे का ते बघायचं. पिंग गेला नाही तर ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ मारून त्या मजल्याचा व्हीलॅन ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या स्विचमधल्या जोडणीवर) सोडलेला आहे का ते तपासायचं. नवीन व्हीलॅन जोडताना ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन’ या ओळीत ‘अ‍ॅड’ शब्द राहिला की जुनी यादी पुसली जाते आणि आधीचे व्हीलॅन बंद पडतात. हे प्रत्यक्षात फार घडतं. सीसीएनएचा अभ्यास हा क्रम डोक्यात बसवतो. सर्टिफिकेट बाजूला ठेवलं तरी एवढ्यासाठी तो करावा असं माझं ठाम मत आहे.

बायोडाट्यात ‘१२ वर्षे हार्डवेअर नेटवर्किंग’ एवढंच लिहू नका. काय सोडवलं ते लिहा. उदाहरणार्थ, रात्रीच रिस्टार्ट होणारा कॅमेरा. ८०२.३एएफ (पीओईचं मानक) पोर्ट १५.४ वॅट देतो आणि १०० मीटर चांगल्या तांब्याच्या केबलच्या टोकाला १२.९५ वॅटची हमी असते. अंधार पडला की आयआर (इन्फ्रारेड) एलईडी लागतात, कॅमेऱ्याची ओढ वाढते, आणि केबल सीसीए (तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम) असेल तर तिचा रोध तांब्याच्या दीडपटीच्या आसपास, म्हणून टोकाला व्होल्टेज पडतं. दिवसा सगळं ठीक दिसतं, म्हणून लोक कॅमेरा बदलत बसतात. हे कारणासकट सांगणारा माणूस कुठल्याही मुलाखतीत उठून दिसतो.

परीक्षा_ताई

वरच्या उत्तराशी सहमत. मी परीक्षेच्या व्यवहाराचं सांगते, कारण लोक अभ्यासापेक्षा इथेच जास्त अडकतात.

सीसीएनए म्हणजे २००-३०१ हा एकच पेपर, १२० मिनिटांचा. पात्रतेची अट नाही, त्यामुळे बारावी-आयटीआयवर बसता येतं. फी ३०० डॉलर, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५४ डॉलर. रुपयांत तीस हजारांच्या आसपास धरून चला. सर्टिफिकेटची मुदत तीन वर्षं. नापास झालात तर पाच दिवस थांबावं लागतं आणि फी पुन्हा पूर्ण. म्हणून सराव चाचणीत सलग ८५ टक्क्यांच्या वर येत नाही तोवर तारीख घेऊ नका.

नावाचं आधी बघा. आपल्याकडे एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर वडिलांचं नाव मध्ये, तिसऱ्यावर इंग्रजी स्पेलिंगच वेगळं. बुकिंगच्या खात्यातलं नाव आणि आडनाव ओळखपत्राशी जुळलं नाही तर दारातून परत पाठवतात आणि पैसे जातात. पासपोर्ट असेल तर तोच वापरा आणि खात्यात नाव त्यावरून बघून भरा.

घरून द्यायची का केंद्रावर? घरून देता येते, पण खोलीत दुसरं कुणी येता कामा नये, टेबल रिकामं हवं, दुसरा मॉनिटर काढलेला हवा, प्रश्न पुटपुटत वाचला तरी पर्यवेक्षक टोकतो. कागद-पेन चालत नाही, स्क्रीनवरच्या पाटीवर माऊसने लिहावं लागतं. सबनेटिंगला (नेटवर्कचे पत्ते विभागायच्या गणितांना) हे फार जड जातं. केंद्रावर पुसता येणारी पाटी आणि मार्कर मिळतो. त्यात आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही. घरून द्यायचीच असेल तर लॅपटॉपला बॅटरी असून भागत नाही, फायबरचा ओएनटी (फायबर घरात येते तो डबा) आणि राऊटर दोन्ही यूपीएसवर हवेत. माझा सल्ला केंद्राचाच. परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यू कंपनीच्या साइटवर गाव टाकून जवळचं केंद्र शोधा. लातूर-नांदेडच्या लोकांना पुण्याइतकंच हैदराबादही सोयीचं पडतं.

सिस्कोच्या पेपरात मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही. लॅबचे प्रश्नही असतात, त्यांना वेळ जातो. सुरुवातीच्या एका प्रश्नावर आठ मिनिटं घालवली की शेवटी धावपळ होते.

टेलिग्रामवर स्वस्त व्हाउचर आणि ‘पक्के प्रश्न’ विकणारे भेटतील. त्यांच्यापासून लांब राहा. पकडलं गेलं की निकाल रद्द होतो आणि पुढे परीक्षेला बसायची बंदीही येऊ शकते.

लातूर_फील्ड

ताई, एलटू सर, मनापासून आभार. पॅकेजवाल्याला नाही कळवतो. कंपनीच्या बाजूनेच जायचं ठरवतोय. आता दोन शंका. अभ्यासासाठी जुना सिस्को स्विच घ्यावा का? आणि फील्डवरच्या माणसाला यात नेमकं काय अवघड जातं?

पॅकेट_परभणी

स्विच घ्यायची गरज नाही. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीवर फुकट खातं काढा आणि पॅकेट ट्रेसर (नेटवर्कचा सिम्युलेटर) उतरवून घ्या. ८ जीबी रॅमच्या साध्या लॅपटॉपवर नीट चालतो आणि सीसीएनएपुरतं त्यात जवळजवळ सगळं होतं. भंगारात स्वस्तात सिस्कोचा २९६० स्विच मिळाला तर घ्या, पण कन्सोल केबल आणि पासवर्ड रिकव्हरी शिकण्यासाठी. पुटीमध्ये (कन्सोलला जोडायचं सॉफ्टवेअर) ९६०० स्पीड ठेवा. स्विचचा मोड बटण दाबून धरत पॉवर द्या, ‘फ्लॅश_इनिट’ मारा, ‘कॉन्फिग.टेक्स्ट’ चं नाव बदला आणि ‘बूट’. जुना पासवर्ड आडवा येत नाही. ही कला कामावरही उपयोगी पडते.

अवघड काय जातं? केबलिंग, पीओई, वायफायचे चॅनल यात तुम्ही पुढे असाल. अडतं ते सबनेटिंगवर, कारण फील्डवर सगळीकडे /२४ (पहिले २४ बिट नेटवर्कचे) आणि १९२.१६८.१.१. पद्धत अशी बसवा. १९२.१६८.१०.७७/२७ घ्या. २७ म्हणजे शेवटचा मास्क २२४. २५६ मधून २२४ गेले, ठोकळा ३२ चा. ०, ३२, ६४, ९६. ७७ हा ६४ च्या ठोकळ्यात, म्हणून नेटवर्क ६४, ब्रॉडकास्ट ९५, वापरायचे पत्ते ६५ ते ९४. तेच १७२.१६.४५.१४/२० ला तिसऱ्या आकड्यात करा. मास्क २४०, ठोकळा १६, ४५ हा ३२ च्या ठोकळ्यात. नेटवर्क १७२.१६.३२.०, ब्रॉडकास्ट १७२.१६.४७.२५५. रोज दहा गणितं, कॅल्क्युलेटरशिवाय, एकाला अर्ध्या मिनिटाच्या आत येईपर्यंत.

दुसरा अडसर ओएसपीएफ, म्हणजे राऊटरांनी एकमेकांना रस्ते सांगायची पद्धत. ते येतं आयपी कनेक्टिव्हिटीत, आणि सगळ्यात जास्त गुण त्यालाच, २५ टक्के. शेजारी राऊटर का जुळत नाहीत ते लॅबमध्ये मुद्दाम बिघडवून बघा: एका बाजूचा हॅलो टायमर १० चा ५ करा, एरिया वेगळा ठेवा, मास्क चुकवा, राऊटर आयडी दोन्हीकडे सारखा द्या. प्रत्येक वेळी ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’ काय दाखवतो ते वहीत लिहा. एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) वेगळा असेल तर जोडी एक्सस्टार्टला (जुळणीच्या मधल्या टप्प्याला) अडकून राहते, हे विशेष लक्षात ठेवा.

तिसरा एसटीपी, म्हणजे स्विचमधला लूप तोडणारी पद्धत. क्लासमध्ये कुणीतरी एकाच साध्या स्विचच्या दोन पोर्टमध्ये एकच केबल लावतो आणि सगळं नेट झोपतं, हे तुम्ही बघितलं असणारच. त्यामागचं कारण आणि पोर्टफास्ट, बीपीडीयू गार्ड हे एसटीपीचे पर्याय कुठे लावायचे ते नीट समजून घ्या. ऑटोमेशनचे १० टक्के लोक सोडून देतात. सोडू नका. जेसन (डेटा लिहायची पद्धत) वाचता येणं, रेस्ट एपीआयची क्रियापदं (गेट, पोस्ट वगैरे), अ‍ॅन्सिबल आणि टेराफॉर्म या ऑटोमेशनच्या साधनांचा उपयोग, एवढ्यावर सोपे गुण आहेत.

धंदा सांभाळून रोज दोन तास धरले तर पाच-सहा महिने लागतात. त्यातला निम्मा वेळ लॅबला द्या. नुसते व्हिडिओ बघितले की समजल्यासारखं वाटतं आणि कोऱ्या राऊटरपुढे हात थांबतो.

नांदेड_पीपीपीओई

एक वेगळी बाजू. कंपनीत न जाता मराठवाड्यातच राहायचं ठरलं तर मायक्रोटिक या राऊटर कंपनीचं एमटीसीएनए सर्टिफिकेट बघा. तालुक्याच्या गावांतले बरेच छोटे ब्रॉडबँडवाले मायक्रोटिकच्या राऊटरओएसवर चालतात. तिथे पीपीपीओई (ग्राहकाचं लॉगिन), क्यू (स्पीडची मर्यादा), फायरवॉल, रेडियस (लॉगिन तपासणारा सर्व्हर) येणारा माणूस लागतो आणि तो सहज सापडत नाही. ही परीक्षा नुसती फी भरून देता येत नाही, अधिकृत ट्रेनरचा वर्ग करावाच लागतो आणि पेपर त्याच वर्गाच्या शेवटी असतो. २५ प्रश्न, एक तास, ६० टक्के पाहिजेत, मुदत तीन वर्षं. सरावाला सीएचआर (व्हर्च्युअल मशीनवर चालणारा राऊटरओएस) फुकट मिळतो. त्यात प्रत्येक इंटरफेसला १ एमबीपीएसची मर्यादा आहे, पण कॉन्फिगरेशन शिकायला तेवढं पुरतं. वर्गाला जाण्याआधी पॅकेट फ्लो आणि फायरवॉलच्या इनपुट-फॉरवर्ड चेनमधला फरक घरी करून जा, कारण वर्गात तो भाग पळत होतो.