मदत हवी आहे: तालुक्याच्या क्लबात लेकरांच्या सुरक्षेसाठी सभासदांची पडताळणी कशी करावी?

पळसफूल:

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल स्टोअर आहे. आमच्या गावात एक जुना फॅमिली क्लब आहे. बॅडमिंटनचा हॉल, टेबल टेनिस, कॅरम, पत्त्यांची खोली आणि अलीकडे सभासदांच्या वर्गणीतून बांधलेला छोटा स्विमिंग पूल. डॉक्टर, मास्तर, बँकेतले, कृषी केंद्रवाले, जिनिंगवाले असे सगळे सभासद. एका वर्गणीत अख्खं घर येतं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, पोट्टे दिवसभर कूलरपुढे कोंडलेले असतात आणि संध्याकाळ झाली की क्लबात सुटतात. आईबाप गेटवर सोडून दुकानात, दवाखान्यात निघून जातात. क्लबाचा खरा उपयोग हाच आहे, त्यात वावगं काही नाही.

यंदाच्या सभेत बालविभाग माझ्याकडे आला. मी पानभर नियम लिहून कार्यकारिणीपुढे ठेवले: मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येकाचं पोलिसांकडून चारित्र्य प्रमाणपत्र, नव्या सभासदासाठी नीट अर्ज, पाहुण्यांची वही. बस, एवढंच. त्यावर जो गोंधळ झाला त्यासाठी हा धागा.

बॅडमिंटनचा कोच बाहेरगावचा. त्याने काही न बोलता कागद आणून दिला. अडलं ते आपल्याच माणसांवर. आमच्याकडे एक ज्येष्ठ सभासद आहेत, निवृत्त, वर्षानुवर्षं फुकट पोहणं शिकवतात. गावातली निम्मी पोरं त्यांच्याच हाताखाली तयार झाली. ते सभेत उभे राहून म्हणाले, "वहिनी, तुमाले मी चोर दिसतो का? पोट्ट्याइले पोहाले शिकवतो, पैसे घेत नाही, आन् वरून माह्याच घरी पोलीस?" सगळी सभा त्यांच्या बाजूने. स्पष्ट सांगते, त्यांच्याबद्दल कुणाची कधी तक्रार नाही, मलाही शंका नाही. पण बाहेरच्याला लागू आणि घरच्याला माफ, असा नियम करायचा तर तो न केलेला बरा.

दुसरी अडचण फॅमिली सभासदत्वाची. कुटुंब म्हणजे कोण, हेच आमच्या घटनेत धड लिहिलेलं नाही. स्पर्धा परीक्षेसाठी येऊन राहिलेला भाचा, सुट्टीत आलेला साळा, कुणाचा दूरचा पुतण्या, सगळे त्याच कार्डावर आत येतात. चेंजिंग रूम एकच, मोठ्यांची आणि लहानांची वेळही एकच.

तर विचारायचं असं की कायद्याने आमच्यासारख्या क्लबावर नेमकं काय बंधन आहे? नोकर नसलेल्या सभासदाकडून पडताळणी मागता येते का? आणि छोट्या गावात हे नाती न तोडता कसं करायचं? कुणी आपल्या क्लबात, व्यायामशाळेत केलं असेल तर अनुभव हवा आहे.

तर्री_पोहा:

ताई, राग मानू नका, पण तुम्ही मुंबई-पुण्याचं खूळ गावात आणून राहिल्या. आपल्याकडे कोणाचा आजा कोण, कोणाचं वावर कुठं, हे सगळ्यांना ठाऊक. अनोळखी माणूस बसस्टँडवर उतरला तरी चहाच्या टपरीवर पाच मिनिटांत चौकशी होते. पोलिसांच्या कागदाने याच्यापेक्षा जास्त काय कळणार?

काळी_माती:

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो, पॉक्सोची प्रकरणं चालवली आहेत. आधी तर्रीभाऊंना. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेला. त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, मुलगे आणि मुली जवळपास सारखेच. आणि त्रास देणारे निम्मे ओळखीचे, विश्वासातले. टपरीवरची चौकशी अनोळखी माणसाची होते, तुमच्या शेजाऱ्याची कोण करतो?

आता कायदा. पॉक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२. अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल यात येतं, मुलगा असो की मुलगी. या कायद्याखालचे २०२० चे नियम तुमच्या कामाचे आहेत. शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादमी किंवा मुलांसाठीची इतर कुठलीही सुविधा, जिथे मुलांशी नियमित संबंध येतो, अशा संस्थेने मुलांच्या संपर्कातल्या कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करून घ्यायची आहे. कायम असो की कंत्राटी. म्हणजे तुमचा चौकीदार आणि ठेकेदाराने पाठवलेला सफाईवाला दोघेही यात आले, आणि नेमके हेच लोक विसरतात. ऑगस्ट २०२४ च्या बदलापूर प्रकरणातला आरोपी शाळेतला कंत्राटी सफाई कामगार होता. तिथे वेळेत कळवलं नाही म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदला गेला, हे तुमच्या कार्यकारिणीला जरूर वाचून दाखवा.

नियमांची भाषा कर्मचाऱ्यांची आहे. फुकट शिकवणारा सभासद त्यात सरळ बसत नाही, नुसता सभासद तर नाहीच. पण क्लब खाजगी संस्था आहे. मुलांना शिकवायचं, सहलीला न्यायचं, स्पर्धेला सोबत जायचं तर प्रमाणपत्र लागेल, असा ठराव तुम्ही करू शकता. सभासदत्वाशी त्याचा संबंध जोडू नका, जबाबदारीशी जोडा. काका सभासद राहतीलच. प्रश्न फक्त शिकवण्याचा उरतो.

प्रमाणपत्राचा अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होतो. माणूस दुसऱ्या जिल्ह्यात राहिलेला असेल तर तिथलीही चौकशी मागा.

पळसफूल:

वकीलसाहेब, फार आभार. जबाबदारीशी जोडायचं हे पटलं. पण प्रमाणपत्र कोरं आलं म्हणजे माणूस चांगला, असं थोडंच आहे? ज्याच्यावर कधी तक्रारच झाली नाही त्याचं काय? परदेशात म्हणे अशा गुन्हेगारांची यादी कुणालाही बघता येते. आपल्याकडे नाही का?

काळी_माती:

कोरा कागद एवढंच सांगतो की त्याच्या नावावर गुन्हा नोंदलेला नाही. यादीचं म्हणाल तर सप्टेंबर २०१८ पासून लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद आहे, पण ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना बघता येते. अमेरिकेत ती लोकांसाठी खुली असते, आपल्याकडे नाही. म्हणून कागद ही पहिली चाळणी, खरं काम रोजच्या शिस्तीचं.

शटलकॉक:

मी अकोल्याकडे बॅडमिंटन शिकवतो, त्यामुळे कोचच्या बाजूने दोन गोष्टी. मला हे नियम आवडतात, कारण ते माझंही रक्षण करतात. उद्या कुणी खोटं बोललं तर माझ्याकडे सांगायला काहीतरी असतं.

आमच्याकडे एक नियम सगळ्यात कामाचा ठरला: एका मुलासोबत एकटा मोठा माणूस बंद दाराआड थांबणार नाही. कोणीही असो, अध्यक्ष असो. हॉलचं दार उघडं, खिडक्यांवरचे जुने कागद काढून टाकले, आईबापांसाठी आतच एक बाक टाकला. ग्रिप दाखवताना हात धरावाच लागतो, पण मी आधी विचारतो आणि सगळ्यांसमोर दाखवतो. दुसरं म्हणजे मुलांना खाजगी मेसेज नाही. जे सांगायचं ते पालकांच्या ग्रुपवर. रात्री साडेदहाला बारा वर्षांच्या मुलीला 'छान खेळलीस' असा मेसेज कशाला पाहिजे?

पोहण्याचं अवघड आहे, कारण तिथे स्पर्श जास्त आणि कपडे कमी. चेंजिंग रूमची वेळ वेगळी करा, हे उद्याच करता येतं, पैसेही लागत नाहीत. मुलं आधी, मोठे नंतर. तिथे मोबाईल अजिबात नाही. आणि पूलवरचे फोटो क्लबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं बंद करा. कौतुकाने टाकलेला फोटो पुढे कुठे जातो, कोणाला ठाऊक.

गाडीतून घरी सोडण्याबद्दल: एकटं मूल नाही, किमान दोन, आणि पालकाने आधी सांगितलेलं हवं.

(अवांतर: तर्री पोह्याचं नाव घेऊन असं वाद घालायला येऊ नये, भूक लागते.)

सातपुडा_मामी:

मी मेळघाटाच्या पायथ्याशी मुलांसोबत काम करते. वर सगळं आधीची काळजी घेण्याबद्दल आलं, पण एखाद्या लेकराने खरंच काही सांगितलं तर काय, यावर कोणी बोललं नाही. गावात सगळ्यात जास्त नासाडी तिथेच होते.

लेकरू बोललं की पहिली प्रतिक्रिया असते, अध्यक्षाच्या घरी बैठक. मग त्या माणसाला बोलावतात, पोराला पुन्हा पुन्हा विचारतात, आणि शेवटी "आपसात मिटवा, पोरीच्या लग्नाचं पाहा". हे कधीच करू नका. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं झाकलं तर एक वर्षापर्यंत. उलट चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. खरं-खोटं ठरवणं क्लबाचं काम नाही.

लेकराला एकदाच, शांतपणे ऐका. त्याचे शब्द आहेत तसे लिहून ठेवा, आपले घालू नका. "तू आधी का नाही सांगितलं?" हा प्रश्न जिभेवर आला तर गिळा. १०९८ ही चाइल्डलाइन दिवसरात्र चालते, तातडी असेल तर ११२. जबाब घ्यायला पोलीस लेकराच्या घरी येऊ शकतात, शक्यतो महिला अधिकारी, आणि गणवेशात नाही. हे आईबापांना ठाऊक नसतं म्हणून ते ठाण्याच्या नावाने घाबरतात. लेकराचं नाव कुठल्याच ग्रुपवर जाऊ देऊ नका, तो वेगळा गुन्हा होतो.

जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. पत्र लिहून क्लबात एक सत्र मागा. पोरांसाठी वेगळं, मोठ्यांसाठी वेगळं. मोठ्यांचं आधी घ्या.

तर्री_पोहा:

मामी, पहिल्या प्रतिसादात मी जे लिहिलं त्यातलं टपरीचं मागे घेतो. पण काकांचा प्रश्न तसाच आहे. त्यांनी कागद नाहीच दिला तर? अख्खं गाव म्हणेल का बाईने म्हाताऱ्याचा अपमान केला.

पळसफूल:

सगळ्यांचे आभार. रविवारी पुन्हा कार्यकारिणी झाली. चेंजिंग रूमच्या वेळा, मोबाईलबंदी, उघडं दार आणि पाहुण्यांची वही एका दमात मंजूर झाली, कारण त्यात कोणाचं नाव येत नव्हतं. कुटुंब म्हणजे नवरा-बायको, मुलं आणि आईवडील एवढंच धरायचं ठरलं. भाचे-साळे आता पाहुणे, ज्याचा पाहुणा त्याची सही. नव्या अर्जावर सूचक आणि अनुमोदक दोघांना लिहून द्यावं लागेल की माणसाला किती वर्षांपासून ओळखतो, आणि अर्ज पंधरा दिवस फलकावर राहील. यावर जिनिंगवाले थोडे कुरकुरले, पण झालं.

पडताळणीच्या ठरावाला मात्र पुढची तारीख मिळाली. मी एक केलं, अर्ज भरायला सुरुवात स्वतःपासून केली. बालविभाग माझ्याकडे आहे म्हणजे मीही मुलांच्या संपर्कात. मग अध्यक्षांना म्हटलं, स्पर्धेला मुलांना तुम्हीच नेता, तुमचाही भरा. ते हसले, पण आधार कार्ड पाठवलं. सचिवांनीही. आता काकांकडे अध्यक्षांनीच जायचं, मी नाही.

एकच विचारायचं राहिलं. ही प्रमाणपत्रं ठेवायची कुठे? सचिवांच्या दुकानातल्या फाइलीत सगळ्या गावाचे पत्ते न् फोटो पडून राहिले तर तेही बरं नाही.

काळी_माती:

प्रत ठेवूच नका. मूळ प्रमाणपत्र दोन पदाधिकाऱ्यांनी पाहायचं, रजिस्टरात नाव, प्रमाणपत्राचा क्रमांक, तारीख आणि दोघांच्या सह्या, कागद ज्याचा त्याला परत. पुढच्या पडताळणीची तारीखही त्याच ओळीत लिहा. रजिस्टर क्लबाच्या कपाटात, किल्ली तुमच्याकडे. ठरावाचा मसुदा खाजगी निरोपाने पाठवतो. त्यात 'सर्व' हा शब्द आहे तो कोणाला काढू देऊ नका. काकांकडे अध्यक्ष जातील तेव्हा स्वतःचं प्रमाणपत्र खिशात घेऊन जायला सांगा.