ट्रम्पच्या एका सहीने एच-१बी हादरतो, मग एच-४ ईएडी अजून कसा काय जिवंत?

ठाण्याची_मीनल:
मंडळी, प्रश्न बावळट वाटेल पण हसू नका. माझा दादा न्यू जर्सीला असतो, एच-१बी वर, म्हणजे कंपनीने नोकरीसाठी काढलेल्या व्हिसावर. २०२५ च्या सप्टेंबरात बाबांच्या ऑपरेशनसाठी आला होता आणि २० तारखेला पहाटे त्याला कंपनीचा मेल, की रविवारच्या आत परत या, ट्रम्पने एक लाख डॉलर फीच्या कागदावर सही केलीये. घटस्थापना दोन दिवसांवर, बाबा हॉस्पिटलात, आणि हा मिळेल ते तिकीट काढून एअरपोर्टवर. तो विमानात असतानाच खुलासा आला की फी फक्त नवीन अर्जांना, आत्ता ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना नाही. तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच.
तर प्रश्न असा. वहिनी एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या बायकोच्या व्हिसावर आहे आणि ईएडीवर, म्हणजे काम करायच्या वेगळ्या परवान्यावर, नोकरी करते. तो ईएडी ट्रम्प बंद करणार हे आम्ही २०१७ पासून ऐकतोय, चार वर्षं तोच होता ना खुर्चीत? मग तेव्हा एक सही करून का नाही टाकला बंद? एक सही एवढी भारी आणि दुसरी जमतच नाही, हे काय गौडबंगाल आहे?

हडसनपार:
बावळट अजिबात नाही, इथे वीस वर्षं काढलेल्यांनाही हे नीट माहीत नसतं. मुळात राष्ट्राध्यक्षाची सही म्हणजे सरसकट ताकद नाही, ती कुठल्या कायद्यावर उभी आहे ते बघायचं. १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात एक कलम आहे, देशहिताला बाधक वाटतील अशा कुठल्याही गटातल्या परदेशी लोकांचा प्रवेश राष्ट्राध्यक्ष थांबवू शकतो. काँग्रेसनेच (त्यांची, आपली नव्हे) ही किल्ली त्याच्या हातात दिलीये. २०१८ मध्ये ट्रॅव्हल बॅनच्या (काही देशांच्या लोकांना प्रवेशबंदी) केसमध्ये सुप्रीम कोर्टानेही ५-४ ने त्याच्या बाजूने कौल दिला. लाख डॉलरवालं प्रोक्लमेशन ह्याच कलमावर काढलं, म्हणून लगेच अंगावर आलं.
एच-४ ईएडीची गोष्ट वेगळी. ओबामाच्या काळात, २०१५ मध्ये, होमलँड सिक्युरिटी खात्याने रीतसर नियम करून तो दिला. आणि १९४६ चा एक कायदा सांगतो की असा नियम करायचा तर मसुदा छापा, लोकांच्या हरकती मागवा, त्यांना उत्तरं द्या, मग अंतिम करा. नियम रद्द करतानाही साधारण हेच सगळं! ट्रम्पच्या लोकांनी २०१७ ला जाहीर केलं की काढणार, २०१९ च्या फेब्रुवारीत फाइल व्हाइट हाउसच्या बजेट ऑफिसपर्यंत गेली आणि तिथेच बसली, मसुदा छापलाच नाही. २०२१ च्या जानेवारीत बायडेनवाले आले आणि फाइल मागे घेतली. तोवर आमचा वकील दर सहा महिन्यांनी "आता जाणार" म्हणायचा, बायकोने त्या धास्तीत दोन ऑफर सोडल्या.

तिरकस:
थोडक्यात काय, बाबू लोक सगळीकडे सारखेच. मंत्रालय असो नाहीतर वॉशिंग्टन, फाइल दाबली की राजाही गप्प. निवडून कोण आलंय, हे की ते? लोकांनी ज्याला मतं दिली त्याचं खात्याने ऐकायला नको का?

दप्तरदार:
तिरकसराव, मी तीस वर्षं फायलीच हलवल्या, आता रिटायर झालोय म्हणून वाटेल ते बोलू शकतो. फाइल दाबणं आणि नियम पाळणं यात फरक असतो.
आपल्याकडे सरकार बदललं तरी सचिव, कलेक्टर तेच, फार तर बदल्या होतात, आणि कलम ३११ मुळे चौकशीशिवाय काढता येत नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष बदलला की वरच्या चारेक हजार जागा बदलतात, त्यातल्या हजाराहून जास्त सिनेटच्या मंजुरीने. खालची वीसेक लाख सिव्हिलियन माणसं मात्र राहतात. हे आधी नव्हतं हो. अँड्र्यू जॅक्सनच्या काळापासून जिंकलेल्याने आपली माणसं भरायची, पोस्टमास्तरापासून कस्टमवाल्यापर्यंत. १८८१ मध्ये गिटो नावाच्या एका माणसाला वाटलं की आपण प्रचार केला, आता पॅरिसचं कॉन्सुलपद मिळायलाच हवं. मिळालं नाही, तर त्याने राष्ट्राध्यक्ष गारफिल्डला रेल्वे स्टेशनवर गोळी घातली. बिचारा अडीच महिने झुरून १९ सप्टेंबरला गेला. (मीनलताई, तुमच्या दादाच्या कागदावर सही झाली तीच तारीख, उगाच आपलं.)
गंमत पुढे आहे. मागून आला तो चेस्टर आर्थर, स्वतः याच वशिल्याच्या राजकारणातून न्यूयॉर्क बंदराचा कलेक्टर (म्हणजे तिथल्या कस्टमचा साहेब) झालेला, आणि १८८३ मध्ये परीक्षा घेऊन भरती करायच्या पेंडल्टन कायद्यावर सही त्यानेच केली. सुरुवातीला जेमतेम दहा टक्के नोकऱ्याच त्यात होत्या, मग वाढत गेल्या.

तिरकस:
इतिहास झकास, पण माझा मुद्दा तसाच राहिला. ह्या लोकांना काढताच येत नसेल तर ते ऐकतील कशाला?

हडसनपार:
त्याच रागातून तर शेड्यूल एफ आलं. धोरणाच्या कामातले कर्मचारी संरक्षणातून बाहेर काढायचे, म्हणजे सहज घरी पाठवता येतील. ऑक्टोबर २०२० ला ऑर्डर निघाली, बायडेनने आल्या आल्या रद्द केली, २० जानेवारी २०२५ ला पुन्हा आणली. सरकारचाच अंदाज साधारण ५० हजार माणसांचा. तुमचा मुद्दा मला निम्मा पटतो, पण उद्या तुमच्या नावडत्या माणसाच्या हातात हीच यादी जाणार हेही धरा.
आणि नियम पाळायची सक्ती बाबूंची नसते, कोर्टाची असते. लहानपणी कागदपत्रांशिवाय अमेरिकेत आलेल्यांना संरक्षण देणारा डाका कार्यक्रम ट्रम्पने बंद केला होता, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ५-४ ने तो निर्णय फिरवला. बंद करूच शकत नाही असं नाही म्हणाले, कारणं धड दिली नाहीत म्हणाले.

ठाण्याची_मीनल:
बाप रे, बरंच कळलं. म्हणजे वहिनीने निवांत राहावं का?

हडसनपार:
निवांत नको! नियम न काढताही चिमटा काढता येतो. रिन्युअलचा अर्ज लटकला तरी जुना ईएडी ५४० दिवस आपोआप चालायचा, बायडेनने जाता जाता ते कायमचं केलं होतं. ३० ऑक्टोबर २०२५ पासून नव्या अर्जांना ते बंद, आणि हे करताना आधी हरकती मागवल्याच नाहीत, अंतरिम नियम म्हणून थेट लागू केलं. आता कार्ड संपलं आणि नवं आलं नाही तर दुसऱ्या दिवसापासून घरी बसायचं. वहिनींना म्हणावं, मुदतीच्या १८० दिवस आधी अर्ज करता येतो, त्याच आठवड्यात टाका. आणि दादाचं एक्स्टेंशन कुठवर आलंय ते आधी बघा, कारण वहिनींची तारीख त्याच्याच तारखेला बांधलेली असते.

ठाण्याची_मीनल:
तिचं कार्ड मार्चमध्ये संपतंय. दादाला आत्ताच उठवते, तिकडे पहाटेचे चार वाजलेत, असू देत.