अमेरिकन कॉलेज फुटबॉल: कॉन्फरन्सबाहेरचे सामने पूर्वी जास्त कठीण असायचे का?

प्रश्न: अमेरिकेत पूर्वी संघ कॉन्फरन्सबाहेर (म्हणजे आपल्या संघगटाबाहेर) तगडे प्रतिस्पर्धी घ्यायचे म्हणतात. तथ्य किती?

उत्तर १: आधी स्वतंत्र संघ बाजूला काढा. फ्लोरिडा स्टेट १९८१ मध्ये नेब्रास्का, ओहायो स्टेट, नोत्र डेम, पिट्सबर्ग, एलएसयू यांच्याशी ओळीने त्यांच्याच मैदानांवर खेळलं आणि तीन सामने जिंकलं! जबरदस्तच. पण तेव्हा त्यांना कॉन्फरन्सच नव्हती. एसीसी या कॉन्फरन्समध्ये ते १९९२ पासून खेळले.

उत्तर २: २००६ पासून हंगामात बारावा सामना कायम झाला. अनेकांनी तो घरच्या मैदानावर दुबळ्या संघाशी ठेवला, कारण तिकिटांचे पैसे घरातच राहतात. शिवाय बोलसाठी (हंगामानंतरच्या खास सामन्यासाठी) सहा विजय लागतात. त्यात एफसीएस (खालच्या पातळीच्या) संघावरचा एकच विजय धरतात.

उत्तर ३: सगळेच टाळत नाहीत. टेक्सासने २०२५ चा हंगाम ओहायो स्टेटच्या मैदानावर सुरू केला, १४-७ हरले.